उसना नेम

अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागणारे नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव पूर्वी खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळासाठी ओळखले जाई. आता त्याला धनुर्विद्येचीही ओळख मिळाली आहे. कापूस, तूर, सोयाबीनच्या या पट्ट्यातली मुले सुरुवात करतात ती बहुधा ‘इंडियन राउंड’च्या बांबू-लाकडी धनुष्याने. त्यावर नेम धरण्याचे कुठलेही उपकरण नसते. पुढे रिकर्व्ह किंवा कंपाउंड धनुष्य हाती आले की खर्चाची शिडी सुरू होते : धनुष्य, बाण, स्टॅबिलायझर आणि नेमासाठीची ‘साइट’. जिथे खर्च मोठा तिथे उसनवारी आलीच. एक साइट, दोन धनुष्ये. सकाळी एकीची, संध्याकाळी दुसरीची.

मी धनुर्धर नाही, भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. पण अशाच एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, थेच साइट, थोच आकडा. तिच्या धनुष्यावर बरोबर लागते, त माह्यावर काहून लागत नाही?” हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर.

रेषा ठरायला दोन बिंदू लागतात, हे आपण शाळेत शिकतो. बंदुकीच्या नळीवर पुढच्या टोकाला ‘माशी’ असते आणि मागे खाच. डोळ्याने खाचेतून माशी आणि माशीवर लक्ष्य आणले की नेम झाला. दोन्ही बिंदू नळीवर पक्के असतात. रिकर्व्ह धनुष्यावर मात्र साइट हा फक्त पुढचा बिंदू. मागचा बिंदू म्हणजे धनुर्धराचा चेहरा : हनुवटीखाली टेकलेला हात, नाकाला स्पर्शणारी प्रत्यंचा आणि त्यावरचा डोळा. डोळा आणि हनुवटी यांतले अंतर प्रत्येकीचे वेगळे. म्हणजे साइट उसनी घेता येते, पण अर्धी साइट ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावरच राहते.

आता हिशेब पाहू. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हचे अंतर ७० मीटर. धनुष्य पूर्ण ताणल्यावर डोळ्यापासून साइट सुमारे ९० सेंटिमीटरवर असते. साइट १ मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने लक्ष्यावर बाण जवळजवळ ७.८ सेंटिमीटर सरकतो. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून कड ६.१ सेंटिमीटरवर. अगदी मधोमध लागणारा बाण एका मिलिमीटरने दहातून नवात जातो. आणि ही तर फक्त साइटची गोष्ट. धनुष्याची ओढ, बाणाचे वजन, प्रत्यंचा किती मागे येते, यांतले काहीही बदलले की बाणाचा वेग बदलतो आणि त्याबरोबर साइटची जागाही. दोन मुलींचे आकडे कित्येक मिलिमीटरनी वेगळे असतात, यात नवल नाही.

रायफलच्या दुर्बिणीबाबतही हेच घडते. बाहेरच्या देशांत एकच चांगली दुर्बीण दोन-तीन रायफलींवर आलटूनपालटून बसवणारे हौशी लोक असतात. (ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे बारीक छिद्राच्या साइटनेच नेम धरत होता.) तिथे दोन अडचणी येतात. पहिली बैठकीची. दुर्बिणीच्या दोन पकडींत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि पुन्हा बसवताना एक पकड केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर, वर राहिली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर हलते. दुसरी अडचण गोळीच्या वाटेची. गोळी सरळ जात नाही, निघाल्यापासून खाली येत असते. पॉइंट २२ची मंद गोळी ५० मीटरवर जुळवून घेतली, तर १०० मीटरवर ती साधारण वीतभर खाली लागते. मोठ्या काडतुसाची वेगवान गोळी तशीच जुळवली, तर १०० मीटरवरही जवळपास नेमावरच राहते. दुर्बीण तीच, पण आकडा प्रत्येक रायफलीचा, किंबहुना प्रत्येक रायफल-काडतूस जोडीचा, निराळा.

मग साइट वाटून घेऊच नये का? घ्यावी, पण तिच्याबरोबर आकडा वाटून घेऊ नये. बऱ्याच रिकर्व्ह साइटचा धनुष्याला स्क्रूने बसणारा ठोकळा आणि पुढे येणारी पट्टी वेगळी होते. प्रत्येक धनुष्यावर स्वतंत्र ठोकळा कायमचा बसवून ठेवला, तर रोज स्क्रू काढण्यातून येणारी चूक टळते. पट्टी दरवेळी त्याच भोकात अडकवावी. प्रत्येकीची स्वतःची वही असावी : अंतर, उभा आकडा, आडवा आकडा, बाण कोणते, तारीख. साइट हाती आली की वहीतला आकडा लावून आधी जवळून, मग पूर्ण अंतरावरून काही बाण मारावेत. बाण खाली लागत असतील तर साइट खाली, डावीकडे लागत असतील तर डावीकडे. साइटने बाणाच्या मागे जायचे. आणि वाटणी तासांची नको, दिवसांची हवी. दिवसातून दोनदा साइट बदलली, तर दोघींचा सराव जुळवाजुळवीतच संपतो. डावखुऱ्या मुलीला मात्र उजव्या हाताची साइट देऊन उपयोग नाही.

‘शिस्त’ या शब्दाचा जुना अर्थ नेम असाच आहे. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. त्या वहीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

तरीही वहीने सगळे भागत नाही. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी महिलांमध्ये विजेती ठरली. ओजसचे गुण म्हणजे ५० मीटरवरून पंधराच्या पंधरा बाण ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात किंवा त्याच्या रेषेवर. इतक्या बारकाईच्या खेळात स्पर्धेच्या सकाळी साइट जुळवत बसणारी मुलगी आधीच मागे पडलेली असते. तिचे सरावाचे मोजके बाण स्वतःचा अंदाज घेण्याऐवजी साइटचा अंदाज घेण्यात जातात. गुणपत्रिकेवर ते दिसत नाही. तिथे फक्त नऊ, आठ, नऊ दिसतात, आणि पाहणारा म्हणतो, पोरीचा हात अजून तयार नाही.

म्हणून देणगीदाराने विचारले की काय देऊ, तर माझे उत्तर ठरलेले आहे. आणखी एक धनुष्य देण्याआधी, आहेत त्या प्रत्येक धनुष्याला त्याची स्वतःची साइट द्या. साइट उसनी मिळते. त्या मुलीचा आकडा मात्र तिचा तिलाच, एकेक बाण मारून, शोधावा लागतो. तेवढा वेळ तिला मिळायला हवा.