पंच्याऐंशीव्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली, म्हणजे काय?

खांदेश्वर स्टेशनवरून ड्यूटीला जाणाऱ्या नर्सेसमध्ये परदेशाचा विचार मनात असलेल्या कितीतरी सिस्टर्स आणि ब्रदर्स भेटतात. कामोठ्यात एमजीएमचं, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणाचं अशी नर्सिंग कॉलेजं जवळच आहेत. अमेरिकेच्या परवान्यासाठी लागणारी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षाही मुंबईतच देता येते, त्यासाठी परदेशी जावं लागत नाही. तरीही तिचं नाव निघालं की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते. या भीतीत अपुऱ्या अभ्यासाचा वाटा असतोच, पण ऐकीव माहितीचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो. परीक्षा चालते कशी हेच ठाऊक नसलं की चांगली शिकलेली, हुशार मुलगीही आत जाऊन गडबडते.

‘लायसन्सची परीक्षा आपणही एकदा दिलीच आहे की’

नाही दिलेली. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, जीएनएमची परीक्षा राज्याचं मंडळ घेतं. ती पास झालं की कागदपत्रं जोडून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि आपण ‘रजिस्टर्ड’ होतो. परवान्यासाठी वेगळी परीक्षा आपल्याकडे आजवर द्यावी लागलेली नाही. १९४७च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय कायदा आला, पण आज वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेसची नोंदणी जुन्याच वाटेने झालेली आहे. त्यामुळे ‘तुझ्या हाती पेशंट सोपवणं सुरक्षित आहे का?’ एवढंच विचारणारी परीक्षा बहुतेकींना पहिल्यांदा भेटते ती परदेशाच्या वाटेवर. विद्यापीठाच्या पेपरात व्याख्या, कारणं, लक्षणं, नर्सिंग मॅनेजमेंट असं ओळीने लिहिलं की गुण मिळतात. इथे तसं लिहायला जागाच नसते.

‘८५ प्रश्नांत बंद झाली म्हणजे नापास’, ‘८५ प्रश्नांत बंद झाली म्हणजे पास’

दोन्ही वाक्यं तितक्याच ठामपणे सांगितली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. परीक्षेतली सगळ्यात जास्त घाबरगुंडी याच गोष्टीवरून उडते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

एनक्लेक्समध्ये सगळ्यांना एकच पेपर नसतो. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येक उत्तरानंतर संगणक तुमच्या क्षमतेचा अंदाज नव्याने बांधतो. पुढचा प्रश्न तो असा निवडतो, की तुमचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता साधारण निम्मी असावी. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. म्हणजे वर्गात पहिली येणारी मुलगीही इथे जवळपास निम्मे प्रश्न चुकते, फक्त ती अधिक अवघड प्रश्न चुकते. शाळेपासून पंच्याहत्तर टक्क्यांना डिस्टिंक्शन मानत आलेल्या आपल्याला हे झेपत नाही. ‘एकाही प्रश्नाची खात्री वाटत नाहीये, संपलं सगळं’ असं पन्नासाव्या प्रश्नाला वाटू लागतं. प्रत्यक्षात परीक्षा जशी चालायला हवी तशीच चाललेली असते.

एप्रिल २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं. तेव्हापासून किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, वेळ पाच तासांचा. यातले १५ प्रश्न नुसते चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे ओळखता येत नाही. तेव्हा एखादा प्रश्न अगदीच अनोळखी वाटला तर तो त्यातलाही असू शकतो. किमान प्रश्न झाल्यावर तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची ९५ टक्के खात्री संगणकाला झाली की स्क्रीन बंद होते. ८५ व्या प्रश्नाला ती बंद झाली तर संगणकाची खात्री झाली एवढंच कळतं. कोणत्या बाजूने झाली ते बंद स्क्रीन सांगत नाही. आणि प्रश्न १५० पर्यंत गेले तर तुम्ही शेवटपर्यंत रेषेच्या आसपास होतात. तिथूनही पास होणारे असतातच. म्हणून ८६ वा प्रश्न समोर आला की मनात हिशेब मांडत बसू नये. तो नीट वाचावा.

घरी परतल्यावर पुन्हा नोंदणीचा प्रयत्न करून, पैसे कापले जातात का यावरून निकाल ताडण्याची एक युक्ती प्रचलित आहे. तिला अधिकृत आधार काहीच नाही. वर पैसे आणि झोप दोन्ही जाण्याचा धोका.

‘माझा दहा वर्षांचा अनुभव आहे, मला वेगळं काय वाचायचंय?’

अनुभवी सिस्टर या परीक्षेत अडखळते तेव्हा तिला येत नसतं असं नाही. तिच्या वॉर्डाची घडीच वेगळी असते. आपल्याकडे स्पंजिंग, भरवणं, कूस बदलणं यांतलं बरंचसं नातेवाईक करतात, मावशी आणि वॉर्डबॉय हाताशी असतात. एनक्लेक्सच्या प्रश्नात नातेवाईक कामाला नसतात. तिथे रजिस्टर्ड नर्स, तिच्या हाताखालची प्रॅक्टिकल नर्स आणि सहायक अशी उतरंड असते आणि कोणतं काम कोणाकडे सोपवता येईल हे विचारलेलं असतं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: पेशंटची पहिली तपासणी, त्याला शिकवणं आणि ढासळत्या पेशंटबद्दलचा निर्णय नर्सने स्वतःकडेच ठेवायचा. स्थिर पेशंटचा बीपी, त्याला चालवणं, अंघोळ घालणं ही कामं सोपवता येतात.

दुसरी सवय ‘आधी डॉक्टरांना कळवते’ ही. आपल्या वॉर्डात तीच शिस्त मानली जाते. पण प्रश्नात पेशंटला धाप लागली असेल तर फोन उचलण्याआधी त्याला उठवून बसवणं हे नर्सचं काम आहे, आणि उत्तरही बहुतेकदा तेच असतं.

एक नमुना घेऊ. ड्यूटी हाती घेतली, चार पेशंट आहेत. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, वेदना दहापैकी सात. सीओपीडीचे जुने आजोबा, ऑक्सिजन ९० टक्के. कालच थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्या बाई, ओठांभोवती मुंग्या येतात म्हणतात. आणि डिस्चार्जची वाट पाहत वैतागलेला तरुण. आधी कोणाकडे जाल? ९० चा आकडा पाहून पाय आजोबांकडे वळतात, पण सीओपीडीत ८८ ते ९२ हे ठरलेलंच लक्ष्य असतं. धावायचं ते थायरॉइडच्या बाईंकडे. ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइडला धक्का लागला असेल तर कॅल्शियम उतरतं, मुंग्या ही त्याची पहिली खूण आणि पुढे स्वरयंत्र आकसून श्वास अडू शकतो. यातली प्रत्येक गोष्ट आपण कॉलेजात शिकलेली असते. ती चार पेशंटमध्ये विखरून समोर आली की ओळखता यावी, सराव करायचा तो एवढ्यासाठीच. नव्या परीक्षेत प्रत्येकी सहा प्रश्नांच्या तीन केस स्टडी असतात, त्याही हेच तपासतात: खूण दिसली का, तिचा अर्थ लागला का, आधी काय करायचं आणि केल्यावर काय पाहायचं.

औषधांच्या नावांचाही घोळ होतो. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन असतं, ॲड्रेनलिन एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल आणि पेथिडिन मेपेरिडिन. औषध हातातलं असूनही नावामुळे प्रश्न चुकला तर त्यासारखी हळहळ नाही. एका कागदावर ही नावं लिहून फ्रिजच्या दारावर लावून ठेवावीत.

‘उत्तराबाबत शंका असेल तर प्रश्न सोडून द्यावा’, ‘पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये’

पहिला सल्ला दुसऱ्या परीक्षेतून आलेला आहे. एम्सच्या नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, तिथे अंदाजपंचे उत्तर देणं महागात पडतं. एनक्लेक्समध्ये प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही आणि मागेही येता येत नाही. मात्र ‘लागू असतील ते सर्व निवडा’ या प्रकारात पूर्वी एक पर्याय चुकला तरी शून्य मिळायचं, तसं आता राहिलेलं नाही. बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो, चुकीच्याला एक वजा होतो, पण बेरीज शून्याच्या खाली जात नाही. म्हणून खात्रीचे तेवढे टिपावेत, सगळ्या चौकटींवर खुणा करत सुटू नये.

उत्तर बदलण्याबद्दल २००५ मध्ये क्रूगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दीड हजारांवर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीकडून बरोबरकडे गेलेली होती, बरोबरकडून चुकीकडे गेलेली २५ टक्के. तरी आपल्याला आठवत राहतं ते बदलल्यामुळे चुकलेलंच. ‘पुढे’ दाबण्याआधी प्रश्न पुन्हा वाचताना नवं कारण सापडलं तर खुशाल बदलावं, नुसती धाकधूक होते म्हणून बदलू नये.

‘रात्रंदिवस पुस्तक वाचलं की होतं’

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं, की पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत स्वतःला प्रश्न विचारून आठवून पाहणारे त्यांच्या पुढे जातात. ड्यूटी करणारीच्या हे पथ्यावर पडतं. दुपारी दोनला सुटून घरी आल्यावर पंचवीस प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येकाचं स्पष्टीकरण वाचायचं, बरोबर आलेल्यांचंसुद्धा. चुकलेल्याची एका ओळीत नोंद ठेवायची: माहिती नव्हती, की प्रश्न नीट वाचला नाही? पंधरा दिवसांनी ती वही उघडली की आपलं दुखणं कुठे आहे ते कळतं. टेलिग्रामवर फिरणारे ‘रिकॉल’ प्रश्न विकत घेऊ नयेत. प्रत्येकाचा पेपर वेगळा असताना त्यांचा उपयोग किती, हा एक भाग झाला. दुसरा असा, की परीक्षेतला मजकूर बाहेर न देण्याच्या अटीवर सही केलेली असते आणि ती मोडल्यास निकाल रद्द होऊ शकतो.

‘छाती धडधडली म्हणजे मी गेले’

धडधड, गार पडलेले हात, पोटात गोळा हे सगळं ॲड्रेनलिनचं काम. वॉर्डात कोड ब्लू आला की हेच होतं आणि त्याच धडधडीत आपण सीपीआर देतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी ‘शांत हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहायला लावली, तेव्हा घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले. हे प्रयोग नर्सेसवरचे नव्हते, पण दहा मिनिटं आणि एक कागद यापलीकडे खर्च नाही. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की नाडी उतरते, हे आपण पेशंटला सांगतोच.

गोळी घेऊन बसण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. प्रोप्रानोलॉलने थरथर थांबेल, पण डोक्यातली चिंता थांबेलच असं नाही आणि दमा असेल तर ते औषध धोक्याचं आहे. अल्प्राझोलामने झापड येते आणि आठवण मंदावते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच, यातलं काही घेऊ नये. आठवडेच्या आठवडे झोप नाही, प्रश्नसंच उघडला की उलटी होते, जगणं नकोसं वाटतं, इथवर गोष्ट आली असेल तर तिला परीक्षेची भीती म्हणून सोडून देऊ नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येतं.

आणि नाइट करून परीक्षेला जाऊ नये. इन्चार्ज सिस्टरना रोस्टर लागण्याआधीच सांगावं, आधीच्या तीन रात्री तरी घरी झोप मिळावी. सुट्टीत हे बसत नसेल तर परीक्षेची तारीख पुढे घेतलेली बरी.

‘अभ्यास झाला, बाकी कागदपत्रं काय, होतील’

आपल्याकडच्या मुलींचं इथे हमखास अडतं. मार्कशीटवर आडनाव आधी आणि माहेरचं, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं नाही तर केंद्रावर आत सोडत नाहीत आणि भरलेली फी जाते. ती मूळ २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर परीक्षा देण्याचे वेगळे १५० डॉलर आहे. कौन्सिलमधल्या नावाच्या बदलाला वेळ लागतो, म्हणून ते काम अभ्यासाच्या आधी हाती घ्यावं. केंद्रावर तळहाताच्या शिरांचं स्कॅन होतं, घड्याळसुद्धा बाहेर ठेवावं लागतं. हे आधी ठाऊक असलं की तिथे दचकायला होत नाही. केंद्रापर्यंत एकदा आधी त्याच वेळेला जाऊन यावं.

पास झालं की लगेच विमान, हेही खरं नाही. भारतीयांसाठी अमेरिकेच्या रोजगाराधारित ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे. कॅनडात २०१५ पासून एनक्लेक्स चालते. ऑस्ट्रेलियात तिच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनची परीक्षा वेगळी, तिच्यात औषधांच्या गणिताचा स्वतंत्र भाग असतो. उदाहरणार्थ, एक लिटर सलाइन आठ तासांत, सेटचे मिलिलिटरला २० थेंब, तर मिनिटाला ४२. कोणत्या देशात जायचं ते आधी ठरवून मगच फी भरावी.

‘एकदा नापास म्हणजे कायमचा शिक्का’

अमेरिकेबाहेर शिकलेल्या नर्सेसचं पहिल्या प्रयत्नात पास होण्याचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत निम्म्याच्या आसपास राहिलं आहे. म्हणजे नापास होणारी एकटी नसते. ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, किती वेळा ते त्या त्या राज्याच्या बोर्डावर अवलंबून. नापास झालेल्याला एक अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक विषयासमोर तुम्ही रेषेच्या वर, जवळपास की खाली ते लिहिलेलं असतं. बऱ्याच जणी तो रागाने बाजूला टाकतात आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडतात. त्याऐवजी ‘खाली’ लिहिलेले विषय पहिले तीन आठवडे घ्यावेत, ‘जवळपास’चे पुढचे दोन, आणि उरलेल्या दिवसांत पाच तास सलग बसून दोन पूर्ण सराव परीक्षा द्याव्यात, सकाळच्याच वेळेला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.