बोंडातली घंटा : चिनी अक्षरांची भावकी

"यवतमाळच्या माणसाला चिनी भाषा कशाला पाहिजे?" असं मला घरी, गावात, प्रयोगशाळेत सगळेच विचारतात. उत्तर सोपं आहे : गुलाबी बोंडअळीसाठी.

माझी पीएच.डी. या अळीवर आहे. आपल्याकडे ती बीटी कापसाला जुमानेनाशी झाली. चीनच्या यांगत्से खोऱ्यात मात्र तिची प्रतिकारशक्ती उलट कमी झाली, असा शोधनिबंध 2017 मध्ये आला. तो इंग्रजीत आहे. पण तिथल्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं वाचायचं तर चिनीच लागते. म्हणून वही घेतली आणि अळीच्या नावापासूनच सुरुवात केली : होंग-लिंग-छोंग. लाल, घंटा, किडा. बोंडाला चिनीत 'कापसाची घंटा' म्हणतात. पऱ्हाटीला लटकलेलं बोंड आठवा, पटेल तुम्हाला!

आता मधलं 'लिंग' बघू. या अक्षराचे दोन भाग आहेत. डावीकडे 'धातू', तो अर्थ सुचवतो. उजवीकडे 'लिंग' म्हणजे आज्ञा. तिचा इथे अर्थाशी संबंध नाही, ती फक्त उच्चार सांगते. बहुतेक चिनी अक्षरं अशीच असतात : एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा.

मग आवाजाचा भाग तोच ठेवून शेजारी बदलायचा. वर 'पाऊस' ठेवला की शून्य, उच्चार लिंग. डावीकडे 'दात' ठेवला की वय, पुन्हा लिंग. (बैलाचं वय आपणही दात बघूनच ठरवतो ना?) एकेक सुटं अक्षर घोकण्यापेक्षा अशी अख्खी भावकी एका पानावर लिहिली, की हात आणि कान दोन्ही लवकर तयार होतात.

फक्त सूर सांभाळायचा. घंटा, शून्य, वय यांचा सूर चढता, आपण "काय?" विचारतो तसा. आज्ञेचा सूर पडता, "चल!" म्हणून दरडावतो तसा.

पण आवाजाच्या भागावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्याच्या शेजारी 'बर्फ' आला की थंड, आणि उच्चार होतो 'लंग'. 'होंग'मध्ये धाग्याशेजारी 'गोंग' आहे. शतकानुशतकं बोलण्यात आवाज सरकला, लिखाण तसंच राहिलं. कापसाचं अक्षर तर झाड, पांढरं आणि कापड मिळून होतं. अर्थ कसा लख्ख दिसतो! पण उच्चार 'म्येन', तो या तिघांपैकी कुणाचाच नाही. 'झाड' काढून तिथे 'धागा' ठेवला, तर रेशमाचा कापूस होतो, त्याचाही उच्चार म्येन. म्हणजे भावकी उच्चाराचा अंदाज देते, खात्री नाही. खात्री शब्दकोशातच करायची.

आता अळीकडे. तिकडचे शेतकरी बीटी आणि बिनबीटी कापसाच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरत होते. त्यात साधारण चारातलं एक झाड बिनबीटी निघतं. त्यावर वाढलेले, बीटीने मरू शकणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार पसरायचा थांबतो. आपल्या संकरित वाणांना, आपल्या हंगामाला हे लागू पडेल का, हाच माझा प्रश्न आहे.

तोवर वहीत रोज एक पान लिहितो. तुम्हीही आज एक घंटा काढून बघा.