लँथॅनम कार्बोनेट : रिफायनरीत आणि पोटातही

आजचा विषय रसायनाचा आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण निमित्त घरगुती आहे. पारोळ्यातले माझे एक स्नेही डायलिसिससाठी धुळ्याला जातात. परवा त्यांनी गोळ्यांचं पाकीट दाखवलं. म्हणाले, ‘सर, यावर लँथॅनम कार्बोनेट लिहिलंय. हे तर कारखान्यातलं रसायन. माझ्या पोटात कशाला?’

प्रश्न रास्त आहे. लँथॅनम या नावाचं मूळ ग्रीक आहे. अर्थ ‘लपून राहणं’. 1839 साली स्वीडनच्या मोसांडर यांना ते सिरियमच्या क्षारात दडलेलं सापडलं. त्याला ‘दुर्मिळ मृदा’ गटात घालतात, पण भूकवचात ते शिशापेक्षा जास्त आहे. दुर्मिळ आहे ते त्याचं सुटं मिळणं.

आपल्याकडे ते केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आहे. तिथे ते फॉस्फेटला घट्ट धरून बसलेलं असतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन रेअर अर्थ्‌सचा आलुवा इथला कारखाना 1952 साली सुरू झाला. कॉस्टिक सोड्यात तापवून फॉस्फेट वेगळं करायचं, ही तिथली रीत होती.

कार्बोनेट म्हणजे पांढरी पूड. तिचे गुण तीन. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून गाळून-धुऊन स्वच्छ करता येते. आम्लात फसफसून विरघळते. खूप तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्साइड उरतं. ते ऑक्साइड कॅमेऱ्याच्या भिंगांच्या काचेत घालतात. तेल शुद्धीकरणात जड तेल तोडणाऱ्या उत्प्रेरकाला लँथॅनममुळे उष्णता आणि वाफ सोसते. तो उत्प्रेरक बनवायलाही हे कार्बोनेट चालतं.

आता पोटाकडे येऊ. मूत्रपिंड थकलं की दूध, डाळी, शेंगदाणे, मांस यांतला फॉस्फरस रक्तात साचतो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. डायलिसिस तो पुरेसा काढू शकत नाही. जठरात आम्ल आहेच. त्यात गोळी विरघळते, लँथॅनम मोकळं होतं आणि अन्नातल्या फॉस्फेटला पकडतं. जे फॉस्फेट आपण कारखान्यात एवढ्या खटपटीनं सोडवलं, तेच! ही जोडी पुढे विरघळत नाही, शौचावाटे निघून जाते. लँथॅनम रक्तात नगण्य शिरतं. अमेरिकेत या औषधाला 2004 साली मान्यता मिळाली.

म्हणजे पकडायला अन्न समोर हवं. मी स्नेह्यांना विचारलं, ‘घेता कशी?’ म्हणाले, ‘सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर गिळतो.’ महिनाभर असंच चाललं होतं! ही चावायची गोळी जेवताना किंवा जेवण होताच, पूर्ण चावून घ्यायची. दात नसतील तर कुटून. अख्खी गिळली तर काम नीट होत नाही, शिवाय आतड्यात अडकण्याचा धोका. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

वहिनींना सांगून आलोय, गोळी ताटातच वाढा.