घाई विकून ताकद

नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या करंजी घाटात मी गिअरचा धडा शिकलो. मामू कांद्याचा ट्रक चालवीत. सुट्टीत मीही केबिनमध्ये असे. चढ लागला की इंजिन कण्हू लागे. मामू गिअर खाली टाकीत. आवाज मोकळा होई, पण वेग बैलगाडीचा!

"मामू, गाडी हळू का?"

"ओझं असलं की घाई विकायची, ताकद घ्यायची."

हा सौदा आकड्यांतही दिसतो. मालासह 16 टनांचा ट्रक 20 मीटरला 1 मीटर असा चढ चढतो, तेव्हा नुसत्या चढापोटी सुमारे 800 किलोंची ओढ लागते. ताशी 36 किलोमीटरने चढायचे तर त्यासाठी 105 अश्वशक्ती हवी. 18 ने चढायचे तर निम्मी पुरते. गिअर शक्ती निर्माण करीत नाही. वेग देऊन ओढ घेतो. म्हणून ओझ्याच्या गाडीला नुसते मोठे इंजिन असून भागत नाही. गिअरचे आणि मागच्या क्राऊन-पिनियनच्या दातांचे प्रमाणही रस्ता व माल पाहून निवडावे लागते.

उतारावर तेच ओझे ढकलू लागते. मामूंच्या एका सोबत्याने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. ब्रेक तापून निकामी झाले. क्लीनर पोरगा घरी परतला नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, तर इंजिनच तिला आवरते. डिझेलही जवळजवळ जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते.

मामू म्हणत, "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर."