किल्लारी: माणसं भूकंपानं मेली की भिंतींनी?

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावं झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. सरकारी आकड्यांनुसार सुमारे 8,000 माणसं दगावली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी ही नावं तेव्हापासून साऱ्या देशाला पाठ झाली, आणि त्यांच्यासोबत काही गैरसमजही.

त्यांतला सर्वांत पक्का समज असा की भूकंपच अतिभयंकर होता. त्याची तीव्रता होती साधारण 6.2. कोयनेचा 1967 चा धक्का याहून कमी नव्हता, तरी तिथले बळी दोनशेच्या आत राहिले. मग मराठवाड्यात एवढा संहार का? केंद्र उथळ होतं, वेळ गाढ झोपेची होती, हे खरंच. पण माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, बाहेरून भक्कम. आत मात्र गोटे नुसत्या चिखलात रचलेले. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवून जड केलेलं. धक्का बसताच भिंत पोटातून फुटली आणि हे ओझं झोपलेल्यांवर आलं. त्याच गावांतल्या कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्या बऱ्याच तगल्या. वाडा पडला, झोपडी राहिली!

म्हणून दगडमातीचं घर म्हणजे मरण आणि सिमेंटचं म्हणजे अभय, असं धरणंही चूकच. अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. उलट, 2001 साली भूजच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेतल्या काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या.

दख्खनचं पठार काळ्या पाषाणाचं, ते हलत नाही, असं सामान्य माणूसच नव्हे तर सरकारी नकाशाही मानत होता. किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. प्रत्यक्षात भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जातो, तो ताण पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांतही साठतो. नंतर हा भाग अधिक धोक्याच्या, तिसऱ्या पट्ट्यात टाकला गेला. हा भूकंप ज्वालामुखीमुळे झाला, या अफवेला तर काहीच आधार नाही. इथला लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं लोटली.

‘आधी कळलं असतं तर’ ही हळहळ मात्र समजण्यासारखी आहे, कारण 1992 च्या ऑक्टोबरपासून किल्लारीला लहान धक्के बसतच होते. पण असे धक्के बहुतेक वेळा आपोआप विरतात. मोठा कधी येईल, हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. दिवस-वेळ सांगणारा निरोप मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका. घर जुनं दगडमातीचं असेल, तर माळवदावरची जादा माती उतरवा आणि जाणकार अभियंत्याला भिंती दाखवा.