उडती तबकडी की अग्निबाणाचे अवशेष?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात अनेक ठिकाणी लोकांनी तेजस्वी ठिपक्यांची एक रांग आकाशातून सरकताना पाहिली. उल्का, पेटलेले विमान, उडती तबकडी असे तर्क सुरू झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे मोठे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३ बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता. वेळ व मार्ग जुळल्यामुळे हे त्याचेच अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले.

मग तबकडीच का आठवते? २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते, तशा त्या जात होत्या, असे त्याने नंतर सांगितले. ही उपमा गतीची होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला चिकटवली. पुढे चित्रपटांनी हा आकार घरोघरी पोचवला. वस्तुतः ‘अनोळखी’ म्हणजे अद्याप न ओळखलेली. परग्रहावरून आलेली नव्हे.

ओळख पटवायची ती निरीक्षणाने. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते व बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सुमारे ८ किलोमीटर असतो. ती जवळजवळ आडवी येते. पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, वस्तूचे तुकडे होतात आणि त्यांची जळती रांग बराच वेळ दिसते.

सौंदड व सिंदेवाही ही दोन्ही गावे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर आहेत. समजा, एकच प्रकाश एकाच क्षणी सिंदेवाहीहून थेट डोक्यावर आणि सौंदडहून क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसला. तर दोन गावांत सरळ रेषेत जेवढे अंतर, तेवढीच त्याची उंची! हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते; म्हणजे कोन मोजण्यासाठी उपकरणही लागत नाही.

तेव्हा असे दृश्य दिसल्यास विद्यार्थ्यांना वेळ, दिशा, कोन आणि कालावधी वहीत टिपायला सांगावे. आणि पडलेल्या वस्तूला हात न लावता प्रशासनाला कळवावे. तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लाडबोरीत कोणाला इजा झाली नाही, हे सुदैव. पण दर वेळी सुदैवावर विसंबून कसे चालेल?