कॉम्प्युटरचा ‘बीप’ आला नाही? आधी स्क्रीन बघा

आज आपण एका छोट्याशा आवाजाविषयी बोलणार आहोत. आवाज छोटा, पण तो आला नाही म्हणून घाबरून गटाचे पैसे वाया जाऊ शकतात.

आपल्या वाशीम जिल्ह्यात गटाचं काम वहीसोबत कॉम्प्युटरवरही येऊ लागलं आहे. बचतीचा हिशेब, कर्जाचे हप्ते, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, सगळं त्यावर. मग खर्च वाचावा म्हणून वाशीम किंवा अकोल्याच्या दुकानातून सुटे भाग जोडून कॉम्प्युटर घेतला जातो. त्याला ‘असेंबल केलेला’ म्हणतात. तो आणला, बटण दाबलं, पंखा फिरला, पण ‘बीप’ काही आला नाही, की मनात धस्स होतं. त्यात कोणी म्हणालं, “बोर्ड गेला, नवा टाका,” तर हजारोंचा खर्च समोर उभा राहतो. तो करण्याआधी एवढं समजून घ्या.

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःचीच तपासणी करतो. रॅम आहे का, प्रोसेसर ठीक आहे का, चित्र दाखवणारा भाग चालतो का, हे बघतो. सगळं बरोबर असलं की बहुतेक जुने कॉम्प्युटर एक छोटा बीप देत. १९८१ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही तो होता. काही बिघडलं असेल तर वेगळ्या प्रकारचे बीप येतात.

पण हा आवाज काढतो कोण? मदरबोर्डला जोडलेला एक छोटा बझर. गाणी ऐकायला आपण मागे स्पीकर लावतो, त्यातून हा बीप येत नाही. आणि आजकाल बऱ्याच नव्या कॅबिनेटसोबत हा बझर मिळतच नाही. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळच नसेल, तर आवाज येत नाही म्हणून बैल आजारी आहे असं कोणी म्हणेल का?

म्हणून पहिली गोष्ट: स्क्रीन बघा. स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं, पुढे विंडोज सुरू झालं, तर कॉम्प्युटर ठीक आहे. बीप नसला तरी काही बिघडत नाही. काही बोर्डांवर तर सेटिंगमधूनही हा आवाज बंद केलेला असतो.

बीपही नाही आणि स्क्रीनही काळी, असं असेल तर क्रमाने तपासा.

एक, थोडं थांबा. डीडीआर-५ प्रकारची नवी रॅम असेल, तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मध्येच बटण दाबून बंद करू नका.

दोन, मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल, तर वायर त्या कार्डलाच लावायची, वरच्या बोर्डच्या जागेत नाही. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे का, हेही बघा.

तीन, प्लग काढा आणि कॅबिनेट उघडा. पदर खोचून घ्या, बांगड्या-मंगळसूत्र आत लोंबू देऊ नका. आधी कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग रॅमची पट्टी काढून परत नीट दाबून बसवा. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. अकोल्याहून गाडीत हादरे खात आलेल्या डब्यात ती सैल होऊ शकते.

चार, मदरबोर्डला विजेच्या दोन वायरी लागतात. एक मोठी रुंद, आणि दुसरी प्रोसेसरजवळची छोटी. ही छोटी राहून गेली तर पंखे फिरतात, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही.

पाच, बोर्डच्या कडेला छोटे दिवे आहेत का बघा. काही बोर्डांवर सीपीयू, डी-रॅम, व्हीजीए अशी नावं त्यांच्याजवळ लिहिलेली असतात. जो दिवा लागून राहतो, दोष त्या भागाकडे शोधायचा.

हे दिवे नसतील तर बझर विकत आणा. तो अगदी स्वस्त असतो. बोर्डवर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर तो लावायचा. मग प्लग काढलेला असतानाच सगळी रॅम काढा, पुन्हा प्लग लावून बटण दाबा. बोर्ड जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून तो सहसा बीप करून ओरडतो. ओरडला, तर आधी रॅम तपासा. गप्पच राहिला, तर बझर उलटा लागला नाही ना ते बघून मग दुकानात न्या. कोणता बीप कशाचा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ते बोर्डच्या पुस्तिकेत बघा.

एक मात्र करू नका. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो.

दुकानात जाताना बिल सोबत न्या. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते, म्हणून खरेदी करतानाच बिलावर भागाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. बोर्ड गेला असं दुकानदार म्हणाला, तर म्हणा, “भाऊ, आमच्यासमोर दुसरी रॅम लावून दाखवा.” हमीत असूनही टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे १९१५.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा क्रम गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि बिलही त्याच वहीत चिकटवा.